मिठातला पक्षी

मित्रांनो, मी एक जुना पक्षी आहे. खरं सांगायचं तर आता चोच आणि चार पिसं एवढाच उरलोय. अंगठ्याएवढा माझा जीव. समुद्रापार, ढगांत बुडालेल्या उंच डोंगरांवरच्या रानात मी फुलाफुलांतला मध पीत हिंडायचो. तिथं कुणीतरी मला टिपलं, पोटात कापूस भरला, आणि मी एका मडमेच्या टोपीवर बसून ठाण्याला आलो. वाईट वाटलं का म्हणाल, तर नाही. कापसाला काय वाटणार?

टोपीची हौस फिटली तशी मडमेनं मला तिची मुलं सांभाळणाऱ्या गर्ट्रूडला देऊन टाकलं. गर्ट्रूडनं मला कोलशेतला घरी नेलं आणि लेकीच्या, जुलियाच्या हातात ठेवलं. त्याच वर्षी गर्ट्रूड पटकीनं गेली. तेव्हापासून जुलिया बोलेना की रडेना. मला मुठीत धरून ओट्यावर बसून राही. आमचं छान जमे, दोघंही कापसाचे.

तिचा बाप सेलेस्टीन मिठागरात राबायचा. पोरीचा एक शब्द ऐकायला त्याचा जीव तळमळे. एकदा त्याला दिसलं, मला कसर लागलीय, पिसं गळताहेत. आईची तेवढीच खूण, तीही गेली तर पोरीचं काय होईल? मिठागरवाल्याला टिकवायची एकच विद्या ठाऊक. त्यानं मिठानं भरलेल्या बरणीत मला पुरलं.

"मिठान म्हावरा टिकतंय, तं ह्यो पन टिकल. बघ बाय," तो म्हणाला.

पावसाळा सरल्यावर बरणी उघडली. दमट हवेनं मिठाला पाणी सुटलं होतं आणि माझा लगदा झाला होता. सेलेस्टीन खाली मान घालून बसला. जुलियानं बरणीत डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "बाबा, मातीन आयची पन अशीच गत झाली असल?"

त्यानं तिला छातीशी धरलं आणि आधी तोच रडला. मग ती रडली, आईमागं पहिल्यांदाच.

मित्रांनो, ज्याला जपायचं त्याला उडतंय तोवर जपा. नंतर मिठागरभर मीठ आणलंत तरी पुरत नाही.

माझं उरलंसुरलं त्यांनी गर्ट्रूडच्या क्रुसापाशी पुरलं. मला अजूनही काही वाटत नाही. पण रविवारी जुलिया येते, आईला सगळं सांगत बसते, आणि तेवढं मला ऐकू येतं.