कपाटात नसलेली बाटली

मी एक जुनी तपकिरी बाटली आहे. मित्रांनो, एवढं एकच वाक्य मी खात्रीनं सांगू शकते. बाकी माझ्या आयुष्याविषयी माझा बराच गोंधळ आहे, तो समजून घ्या.

माझा जन्म खोकल्याच्या औषधासाठी झाला. औषध संपलं, खोकला राहिला, आणि सरलाबाईंनी मला घासून उन्हात पालथी घातली. त्यांचे यजमान हिलालभाऊ बमरोलीत कापड विणणाऱ्या लूमच्या खात्यात कामाला, आणि रविवारच्या ख्रिस्ती मंडळीत 'वडील'. वडील म्हणजे पाळकसाहेब, अर्थात धर्मगुरू, नव्हेत. मंडळीनं आपल्यातूनच निवडलेली, नोकरी सांभाळून इतरांची काळजी वाहणारी माणसं म्हणजे वडील. कुणी आजारी पडलं तर वडिलांनी घरी जावं, कपाळाला तेल लावून प्रार्थना करावी, अशी शिकवण आहे. म्हणून हिलालभाऊंनी माझ्यात जैतुनाचं तेल भरलं. अंगावर मात्र 'वापरण्यापूर्वी हलवा' ही जुनी चिठ्ठी तशीच राहिली. एका आजीबाईंनी प्रार्थनेआधी मला खरोखरच खळाखळा हलवलं होतं.

माझा मुक्काम मंडळीच्या हॉलमधल्या कपाटात. वडिलांच्या सभा तिथंच भरत. पंख्याचं तोंड कुणाकडे असावं, चपला कुठं काढाव्यात, नाताळच्या पत्रिकेत कुणाचं नाव आधी छापावं, यावर फार गंभीर चर्चा होई. आनंदराव हे दुसरे वडील. त्यांच्याकडे माईक होता. ते 'हॅलो, चेक' इतक्या भक्तिभावानं म्हणत, की नवी माणसं 'आमेन' म्हणून मोकळी होत. त्यामुळं वडिलांची जबाबदारी म्हणजे पंखा, चपला आणि माईक, अशी माझी समजूत झाली. आजाऱ्याकडे जाणं हा हिलालभाऊंचा खाजगी छंद असावा.

त्यातही एक कोडं होतं. तेल लावायला क्षणभर लागे. मग हिलालभाऊ नुसते बसून राहत. आजाऱ्याच्या सुनेच्या तक्रारी ऐकत, गॅसचा बाटला चढवून देत, दवाखान्यात सोबत जात. या सगळ्यात माझं काय काम, मला कळत नसे.

हॉलमध्ये एक अलिखित नियम पडून गेला होता. कपाटात बाटली नाही, म्हणजे हिलालभाऊ आजाऱ्याकडे गेलेत.

या हिवाळ्यात एके दिवशी हिलालभाऊ कुणाकडून तरी थेट घरी परतले, मी असलेली पिशवी खिळ्याला अडकवली आणि आडवे झाले. ताप, धाप. उठलेच नाहीत. मी त्यांच्या डोक्यावर लटकत राहिले.

रविवारी हॉलमध्ये कपाट उघडलं गेलं. बाटली नाही. सगळ्यांना समाधान वाटलं. पुढच्या रविवारी माईकवरून हिलालभाऊंच्या अखंड सेवेचं कौतुक झालं. सेवेतल्या माणसाला फोन करून त्रास देऊ नये, असंही ठरलं. हे मला नंतर कळलं.

इकडे सरलाबाई चिडल्या होत्या. "दुनियाना घर गयात तुम्ही. आपला घर कोन्ही उना का?"

"वडीलनी वडीलले काय बलावनं?" हिलालभाऊ भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितला होता. पण न्यायचं कुणी? लोकांना न्यायचं काम हिलालभाऊंचं होतं.

शेवटी आनंदराव आले. आले ते माझ्यासाठी. "वहिनी, कोसाडच्या मंदाताई आजारी हाईत, बाटली पाहिजे. भाऊ कुठं गेलेत?"

"मी ते आठेच शे," खाटेवरून आवाज आला.

आनंदराव दारातच थिजले. "अहो, आम्हाला वाटलं तुम्ही आजाऱ्याजवळ हाईत!"

"आजारीजवळच शेतस," सरलाबाई म्हणाल्या. "लई जवळ."

आनंदरावांनी मला हातात घेतलं. घसा साफ करून ते सवयीनं "हॅलो" म्हणाले, मग ओशाळून डोळे मिटले. तेल हिलालभाऊंच्या भुवईवर ओघळलं. प्रार्थना छोटी आणि अडखळत झाली.

"आते बठ," हिलालभाऊ म्हणाले.

आनंदराव बसले. माईक नसल्यानं हातांचं काय करावं त्यांना सुचेना. मग सरलाबाईंनी फोटोचं सांगितलं, तसे ते उठले, रिक्षा आणली आणि हिलालभाऊंना धरून खाली उतरवलं. जाताना त्यांना कोसाड आठवलं. "भाऊ, ती बाटली?"

"तेल किराणा दुकानमा बी भेटस," हिलालभाऊ धापा टाकत म्हणाले. "तू जाय."

मित्रांनो, इतक्या वर्षांच्या सेवेनंतर हे ऐकून घेणं सोपं नव्हतं.

छातीत पाणी झालं होतं, असं डॉक्टर म्हणाले. वेळेवर आलात, असंही म्हणाले. आता औषधं चालू आहेत, धाप उतरली आहे. आनंदराव रोज संध्याकाळी मला न्यायला येतात. बसतात, मंदाताईंची खुशाली सांगतात, आणि मला न्यायचं विसरून जातात. इतका विसराळू माणूस मंडळीनं वडील म्हणून कसा निवडला, मला उमगत नाही. सरलाबाई मात्र त्यांचा चहा आधीच टाकून ठेवतात.

म्हणून एक विनंती. नेहमी दिसणारं माणूस दिसेनासं झालं, तर ते कुठंतरी चांगल्या कामात असेल असं धरून बसू नका. जाऊन बघा. जाताना मला नेलं नाही तरी चालेल. एका बाटलीच्या तोंडी हे वाक्य कसं आलं, ते मात्र मला विचारू नका.