उशाकडची दोरी

"तुम्हाला विमानात बसता येणार नाही," काउंटरवरचा तांबड्या दाढीचा माणूस म्हणाला, आणि वर हसलासुद्धा. नोकरीतलं हसू होतं ते, मी ओळखलं. मीही जन्मभर बर्गनजवळच्या फेरीबोटीवर तव्यावर जाड गोड घावनं घातली आणि गिऱ्हाइकांना हेच हसू वाढलं.

"का नाही येणार? तिकीट आहे, पासपोर्ट आहे. ती नवी परवानगीसुद्धा काढलीय. शेजारच्या सिग्नेने माझ्यादेखत फोनवर काढली."

"अर्ज केला होता तुम्ही. मंजूर नाही झाला."

मी काउंटरची कड घट्ट धरून उभी राहिले. आम्हा नॉर्वेवाल्यांना ब्रिटनला जायला व्हिसा लागत नाही, कधीच लागला नाही. आता मात्र निघायच्या आधी फोनवर अर्ज करायचा, चेहऱ्याचा फोटो काढायचा, चार प्रश्नांची उत्तरं द्यायची, मग परवानगी येते. सगळ्यांना येते. सिग्नेच्या नवऱ्याला तर कपातली कॉफी निवायच्या आत आली होती. म्हणून आम्ही दोघी निर्धास्त. उत्तर सिग्नेच्या मेलवर येऊन पडलं होतं आणि त्या बाईने उघडून पाहिलं नव्हतं.

"मी काय दरोडा घातलाय कुठे?" माझा आवाज चढला. मागच्या रांगेतली माणसं बघायला लागली. बघू देत. "ऐंशी ओलांडलेली बाई मी. माझी कसली भीती वाटते त्यांना?"

त्याने पडदा माझ्याकडे वळवला आणि आवाज खाली आणला. "भीती नाही हो. तुम्ही त्यांच्याच आहात, म्हणून नाही दिली."

"म्हणजे?"

"अर्जात तुम्ही ब्रिटनचंही नागरिकत्व लिहिलंय. ही परवानगी पाहुण्यांसाठी असते. घरच्या माणसाला पाहुण्याची परवानगी देत नाहीत. त्यांचा पासपोर्ट दाखवा आणि खुशाल जा."

"त्यांचा पासपोर्ट माझ्याकडे कुठनं येणार? कधी काढलाच नाही!"

"मग काढावा लागेल. काही आठवडे जातील त्यात."

आठवडे! मिमीकडे आठवडे असते तर मी अशी धावतपळत निघाले असते? आदल्या दिवशी तिच्या मुलीचा, मेरनचा, फोन आला होता. "मावशी, येणार असशील तर आता ये. नंतर येऊन उपयोग नाही." एवढंच बोलून ती रडायला लागली होती.

मिमी माझी दूधबहीण. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेत जर्मन घुसले तेव्हा वडिलांनी पोटुशा आईला मासेमारीच्या होडीत घालून समुद्रापार ब्रिटनच्या शेटलंड बेटांवर नेलं. तिथे, स्कॅलोवे गावात, माझा जन्म झाला. आई तापाने फणफणलेली, दूध नाही. शेजारच्या घरात एक बाई नुकतीच बाळंतीण झालेली. तिने आपल्या मिमीला एका अंगाला घेतलं आणि मला दुसऱ्या. आई बरी होईतो मी त्याच घरात वाढले. लढाई संपली, आम्ही परत आलो, पण नातं काही सुटलं नाही. पुढे कमवायला लागल्यापासून दर उन्हाळ्यात मी तिकडे. मिमी दारात उभी राहून नेहमी एकच म्हणायची, "आलीस का गं घरी?" आणि माझ्या पिशवीतलं ब्राउन चीज आधी काढून घ्यायची. तेवढं चीज मात्र आमच्याकडचंच हवं तिला.

म्हणून तर तो अर्जाचा घोळ झाला. सिग्ने माझ्या स्वयंपाकघरात अर्ज भरत होती. "दुसऱ्या कुठल्या देशाची नागरिक आहेस का, विचारतायत. नाही लिहिते."

"नाही काय? हो लिही! जन्म तिथला माझा. तिथल्या बाईचं दूध प्यायलेय."

"अगं, पण त्यांना दुधाचं काय—"

"पण नाही नि बिण नाही. लिही हो."

"तुझ्यापुढे कोण बोलणार बाई!" म्हणून तिने हो केलं. मला मिरवायचं होतं, दुसरं काय. कोणीतरी अधिकृतपणे विचारलं होतं आणि मला अधिकृतपणे सांगायचं होतं.

"पण हे खरं आहे का?" मी दाढीवाल्याला विचारलं. "मी खरोखरच त्यांची आहे?"

"त्या काळात तिथे जन्मलात म्हणजे बहुतेक असणारच. तुम्हाला माहीत नव्हतं?"

माहीत होतं असं कसं म्हणू? मी उगाच तोंडाने म्हणत होते, आणि ते कायद्याने खरं निघालं होतं! एरवी मी नाचले असते तिथे.

दाढीवाला इकडेतिकडे बघून म्हणाला, "मी काही सांगत नाही हं. पण तो प्रश्न बरेच जण नाही म्हणून सोडून देतात. काउंटर अजून उघडं आहे."

मी सिग्नेला फोन लावला. सगळं ऐकून तिने आधी कपाळ बडवून घेतलं असावं, मग म्हणाली, "थांब. आत्ता पुन्हा भरते, तुझा फोटो आहेच माझ्या फोनवर. या वेळी नाही लिहिते."

"नको."

"नको काय?"

"खोटं आहे ते, सिग्ने."

"गुन्वोर, तुला मिमीला भेटायचंय की खरं बोलायचंय?"

मी फोन ठेवला. मेरनला लावला. काही विचारायच्या आत तिने फोन आईच्या कानाशी धरला. आधी नुसता श्वास ऐकू आला, घशात अडकणारा. मग मिमी म्हणाली, "कुठवर आलीस?"

"आलेच गं," मी म्हटलं.

पुन्हा सिग्नेला फोन केला. त्या अनोळखी माणसासमोर, रांगेसमोर, मोठ्याने म्हणाले, "लिही. नाही म्हणून लिही."

परवानगी आली. दाढीवाल्याने माझ्या बॅगेला पट्टी लावायला घेतली तोवर आलीसुद्धा. मी बघतच राहिले. इतक्या वर्षांचं नातं पुसायला एवढासा वेळ पुरला, याचाच मला धक्का बसला होता. विमानात शेजारचा माणूस दोनदा विचारत होता, तुम्हाला बरं नाही का.

विमान बदलायला स्कॉटलंडमधल्या अबर्डीनला उतरले, तिथली पासपोर्ट बघणारी बाई मोठी गोड होती. पानावर बोट ठेवून म्हणाली, "स्कॅलोवेचा जन्म? मग पाहुण्या कसल्या, घरीच आलात की!"

हो म्हणायची माझी हिंमत झाली नाही. "नाही, नाही," मी म्हटलं. "पाहुणीच आहे." पासपोर्ट उचलला आणि मागे न बघता पुढे निघाले.

शेटलंडच्या विमानतळावर मेरन दारातच उभी होती. आईला सोडून स्वतः न्यायला आली, तेव्हाच मी समजले.

"तू अबर्डीनला होतीस तेव्हा," ती म्हणाली. "शांतपणे गेली."

"माझं विचारलं?"

"विचारलं ना. मी सांगितलं, निघालीय, येतेय."

गाडीत मला राहवेना. "मेरन, मी नाही म्हणून आलेय गं. तुमची कोणी नाही, असं लिहून दिलं तेव्हा त्यांनी सोडलं."

पुढचं वळण घेऊन तिने विचारलं, "कोणाला लिहून दिलंस?"

"सरकारला."

"मग सरकारचं सरकार बघेल," ती म्हणाली आणि नाक पुसलं.

दफनाच्या दिवशी वारा उभा राहू देत नव्हता. तिथे शवपेटी घरच्यांनीच दोऱ्यांनी खाली सोडायची असते. कोणी कुठली दोरी धरायची ते आधी ठरतं, आणि उशाकडची दोरी सगळ्यात जवळच्या माणसाची. मी चीजचा तुकडा कोटाच्या खिशात घेऊन मागे, शेजारपाजारच्या बायकांत उभी होते. मेरन माणसांतून वाट काढत आली आणि माझा दंड धरला.

"चल पुढे."

"अगं, लेक तू आहेस. उशाकडे तू उभी राहा."

"मी पायाशी धरते. तू माझ्या आधीपासूनची आहेस तिची."

क्रियाकर्म बघणाऱ्या माणसाने एकेक जागा विचारायला सुरुवात केली. "उशाकडे कोण?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"मी," मी म्हटलं. वाऱ्यात ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा म्हटलं, "मी आहे."

त्याने दोरी माझ्या हातात दिली. सगळ्यांच्या बरोबरीने हळूहळू सोडत गेले. मिमी फार हलकी झाली होती.