टपावरची पुट्टी

आपल्या जीपला कधी साधा ओरखडाही पडलेला नाही, असं मामा चारचौघांत छातीठोकपणे सांगत. टपावर कॅरिअर आणि पुढे जादा दिवे बसवायचं काम मात्र त्यांनी फुकटात होईल म्हणून गॅरेजवाल्या भाचीच्या गळ्यात मारलं.

दिवे बसले. मग भाचीने टपाला ड्रिल लावलं, तर पत्र्याच्या किसाऐवजी पांढरी भुकटी उडाली. तिने ड्रिल थांबवलं. पोचे बुजवायची पुट्टी, तीही बोटभर जाड! गाडी उलटल्याशिवाय टपावर कोण एवढी पुट्टी भरतो?

"थांबलीस का?" मामा खेकसले.

"मामा, ही गाडी कधी उलटली?"

"काहीतरीच काय बरळतेस!" पण त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

भाचीची नजर दाराशी बसलेल्या मामीकडे गेली. मामीच्या मानेला पट्टा होता. ती जिन्यावरून पडली, असं मामांनीच सगळ्यांना सांगितलं होतं. मामीने त्यावर कधी चकार शब्द काढला नव्हता.

मामांनी ड्रिलची पिन उपटली. मामी सावकाश उठली आणि तिने ती पुन्हा सॉकेटमध्ये खोचली.

"चालव गं पोरी," ती म्हणाली. "पार पत्रा लागेपर्यंत चालव."