विधवेवरच्या पाकळ्या

टीव्हीवर माझा चेहरा आला आणि चित्र अडकलं. मांडवात शोकाच्या काळ्या-तांबड्या कपड्यांत बसलेली सगळी माणसं एकदम उभी राहिली. चित्र जरा पुढे सरकलं, अडकलं, पुन्हा सरकलं. माझी मान अशी झटके खात होती, की कोणी मला बखोटीला धरून हलवतंय असंच वाटावं.

"आजेमान बोलतोय," प्रॉफेट गिडियन माइकवरून म्हणाले. "मी त्याला विचारलं, बाळा, तुला कोणी नेलं? भावावरून सरळ गेला. मावशीवरून सरळ गेला. बायकोपाशी येऊन थांबला. आता मी काय बोलणार? मी तर नुसता देवाचा टेलिफोन."

त्यांनी फिल्म मागे न्यायला सांगितली, हात पसरून तोच प्रश्न विचारला, आणि मी पुन्हा अडकले. लोक 'आमेन, आमेन' म्हणत होते. माझ्या आजूबाजूच्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या झाल्या.

आजेमान माझा नवरा. आज त्याला जाऊन चाळिसावा दिवस. या दिवशी अंत्ययात्रेची फिल्म सगळ्यांनी मिळून बघायची, अशी आमच्या घराण्याची रीत आहे. डॉक्टरांनी कारण लिहून दिलं होतं: वाढलेला रक्तदाब, मेंदूत रक्तस्राव. गोळ्या सोडून तो या प्रॉफेटांचं तेल कपाळाला लावत होता, हे मी कोणापासून लपवलं नव्हतं. तेल का चाललं नाही, असं आमच्या टेचिमानच्या बाजारात लोक विचारायला लागले होते. प्रॉफेटांना उत्तर हवं होतं, आणि ते त्यांना टीव्हीवर मिळालं.

धाकटे दीर बारिमा घानाच्या राजधानीहून, आक्राहून आले होते. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "वहिनी, अंधार पडायच्या आत घर सोडा. हे लोक काय करतील, मी सांगू शकत नाही."

लोक काय करतात ते मला ठाऊक होतं. खालच्या गल्लीतल्या एका म्हातारीला चेटकीण ठरवून दगडांनी मारलं होतं. मला भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. तो गेल्यापासून मला काहीच वाटत नव्हतं. सूप गरम आहे की गार, तेही जिभेला कळत नव्हतं. ही रडत नाही, हाही प्रॉफेटांच्या लेखी पुरावाच होता.

पण मी मुलींच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. अडकणारं चित्र दिसलं की हात कीबोर्डकडे जातो, त्यासाठी मन जागेवर असावं लागत नाही.

फिल्म बनवणारा क्वार्टेंग आपला डेस्कटॉपच उचलून घेऊन आला होता, कारण फिल्म अजून कच्ची होती, पाकळ्या मशीनला जागेवरच काढाव्या लागत होत्या. माझ्या चित्रावर असं काय आहे जे बाकीच्यांवर नाही, असं मी त्याला विचारलं.

"पाकळ्या, मॅडम," तो म्हणाला. "विधवेवर पाकळ्या पडतातच ना."

पडतातच. विधवेचं चित्र संथ करायचं आणि वरून गुलाबाच्या शेकडो पाकळ्या सोडायच्या, प्रत्येक वेगळी गिरकी घेणारी. त्याशिवाय आमच्याकडे फिल्मला कोणी फिल्म म्हणत नाही.

"प्रॉफेटांच्या सभेची फिल्मही तूच केलीस ना? ती आहे यात?"

"आहे."

"तिच्यावर ह्याच पाकळ्या टाक."

पवित्र गोष्टींची थट्टा नको, असं प्रॉफेट घाईघाईने म्हणाले. पण या घरात शेवटचा शब्द पोमा मावशीचा, माझ्या सासूच्या बहिणीचा. ती म्हणाली, "टाकू दे की. पाकळ्याच आहेत, निखारे नाहीत."

टीव्हीवर प्रॉफेट एका लंगड्याला उठवत होते. पाकळ्या पडायला लागल्या आणि ते तोंड उघडं ठेवून अडकले. सरकले, पुन्हा अडकले. लंगडाही अर्धा उठून तसाच राहिला.

"आता यांनी कोणाला नेलं?" मागून कोणीतरी विचारलं.

क्वार्टेंगने मान खाली घातली. "गेल्या आठवड्यात दुकानातही असंच झालं होतं. प्रॉफेटांनीच ओळखलं, पाकळ्या आल्या की अडकतंय. म्हणाले, माझ्यावरच्या काढून टाक."

"आणि माझ्यावरच्या?"

"त्या राहू दे म्हणाले."

मांडवातली डोकी प्रॉफेटांकडे वळली.

मी खुर्ची ओढून बसले. क्वार्टेंगच्या मशीनवर लिनक्स आहे. एक ओळ टाइप करून मी मशीनला विचारलं, चित्र कोण काढतंय? उत्तर आलं ते प्रोसेसरचं. ग्राफिक्स कार्ड नुसतं बसून होतं. क्वार्टेंगने नुकतंच अपडेट केलं होतं. त्यात लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, नवा आला, पण कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, जुन्या गाभ्यासाठी बांधलेला होता, तो नव्यात चढलाच नाही. लोकांना मी एवढंच सांगितलं, की दहा जणांचा फुफू, उकडलेल्या कंदांचा गोळा, एकटीने कुटायला घेतला तर हात थांबणारच. साधं चित्र प्रोसेसर कसंबसं ओढतो, पाकळ्या आल्या की दमतो.

मशीन पुन्हा सुरू करताना मी यादीतून जुना गाभा निवडला. ड्रायव्हर चढला. फिल्म लावली. भाऊ गेला, मावशी गेली, शवपेटी गेली, मग मी आले. पाकळ्या अलगद पडत राहिल्या आणि मी न अडकता चालत गेले. तेवढ्यात बाहेर प्रॉफेटांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"वहिनी, बसा तुम्ही," बारिमा जमिनीकडे बघत म्हणाले.

पोमा मावशीने माझा हात धरला. "बघ पोरी, चित्र चाललं. त्याने तुला मोकळं केलं."

हो म्हणणं किती सोपं होतं. मलाही ते हवं होतं.

"नाही मावशी," मी म्हणाले. "यात आजेमान नाही. मघाशी दोष द्यायला नव्हता, आता मोकळं करायलाही नाही. ड्रायव्हर चढला, एवढंच झालं."

मग मी माइक घेतला. चित्र अडकलं तर मशीन तपासा, असं सांगितलं. माणूस आजारी पडला तर दवाखान्यात न्या आणि गोळ्या सोडू देऊ नका. मेलेल्याच्या नावाने कोणी बोट दाखवलं, तर त्याला आधी विचारा, पाकळ्या कोणी टाकल्या.

 मावशीने कमरेच्या गाठीतून प्रॉफेटांच्या तेलाची बाटली काढून माझ्या हातात दिली. तिलाही रक्तदाब आहे, हे मला माहीत होतं.

"गोळ्या कुठायत?"

"आत. आजेमाननेच आणून दिल्या होत्या. पाकीट फोडलंच नाही."

मी आत जाऊन त्या आणल्या. तिने एक गोळी जिभेवर ठेवली. मी तिच्यासाठी पाणी ओतलं. पेला गार होता, हे मला कळलं.