साखरेची वाळू

सभागृहाच्या दारापासून रस्त्याच्या वळणापर्यंत रांग लागली होती आणि रांगेतील बहुतेक सर्व मधुमेही होते. व्यासपीठावर साखरबाबा विराजमान होते. ते प्रत्येकाच्या मुखात पाल्याची एक हिरवी गोळी ठेवीत, ती मिनिटभर चघळावयास लावीत आणि मग चमचाभर साखर देत.

"काय लागतंय?"

"वाळू, बाबा! नुसती वाळू!"

"देहानंच साखर नाकारली! रोगाचा पत्ता कापला! आता सुई द्या शिंप्याला!"

हशा पिकला. बाबांच्या पायांशी ठेवलेल्या घंगाळात इन्सुलिनची आणखी एक सुई पडली.

रांगेत दादा उभा होता आणि त्याच्या मागे त्याची धाकटी बहीण. मेंदू चव कशी ओळखतो, याचे गणित संगणकावर मांडणे हे तिचे काम. दादाने बिस्किटांच्या कारखान्यात तीस वर्षे चवपारखी म्हणून काढली होती. चार वर्षे दर रविवारी तो तिच्या प्रयोगशाळेत बसून इवल्या पेल्यांतील पाणी चाखे आणि गोडीचे आकडे सांगे. तिचे सारे गणित त्या आकड्यांवर उभे होते. "दादा, तुझी जीभ म्हणजे तराजू," असे तीच एकदा कौतुकाने म्हणाली होती.

आता तेच वाक्य तिच्यावर उलटले होते.

"माझी जीभ खोटं बोलत नाही, छोटे. तूच म्हणाली होतीस," दादा म्हणाला. त्याचे ओठ सुकले होते. सुई सोडून पाच दिवस झाले होते आणि हातातली पाण्याची बाटली सकाळपासून चौथ्यांदा रिकामी झाली होती.

ती सरळ व्यासपीठावर चढली. "बाबा, मलाही गोळी द्या."

बाबांनी प्रसन्न मुद्रेने दिली. तिने चघळली, साखर तोंडात टाकली आणि लोकांकडे वळली.

"मलाही वाळूच लागतेय. पण मला मधुमेह नाही, कधी नव्हताच. मग माझा कुठला रोग गेला?"

रांगेतील माणसे व्यासपीठाजवळ सरकली.

"हा पाला जिभेवरची गोडीची दारं तेवढी बंद करतो. साखर पोटात जाते, रक्तात जाते. फक्त मेंदूला निरोप जात नाही. माझ्या संगणकातही मी तो निरोप अडवून पाहिला. साखर नाही आणि साखरेचा निरोप नाही, यातला फरक त्याला कळला नाही. आपल्यालाही कळत नाही. तासभर थांबा. दारं आपोआप उघडतील."

लोक थांबले. भिंतीवरचे घड्याळ पाऊण तास पुढे सरकले आणि पुढच्या बाकावरचे एक शिक्षक पुन्हा चिमूटभर साखर चाखून पुटपुटले, "गोड लागतेय की!"

बाबा मंद हसले. "श्रद्धा पातळ झाली की गुण उतरतोच. म्हणून तर म्हणतो, रोज या!"

कोंडलेला श्वास सुटावा तशी सभा मोकळी झाली. "बाई, चार बुकं शिकलीस म्हणून आमच्या तोंडची गोळी काढू नकोस!" एक आजी कडाडल्या. टाळ्या त्यांना पडल्या.

तिने दादाच्या तळहातावर साखर ठेवली. त्याने जीभ लावली, डोळे मिटले. इतक्या वर्षांच्या सवयीने त्याच्या तोंडून आकडाही निघाला, "आठ."

"चल ना घरी, दादा. सुई घे."

"कळलं मला सगळं," तो हळूच म्हणाला. "पण हे पाच दिवस मी आजारी नव्हतो गं." आणि तो पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला.

तिने मनगट धरून ओढले. लोकांनी ते सोडवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने त्याला बेशुद्धावस्थेत इस्पितळात नेले. रक्तातील साखर यंत्राच्या मापापलीकडे गेली होती. दुपारी डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली; दादा गेला होता. दादाचे आकडे अजून तिच्या संगणकात आहेत, अचूक. पुढला रविवार मात्र रिकामा गेला.

रांग अद्याप लागते. म्हणून, वाचकहो, एवढीच विनवणी: चव जिभेला विचारावी, रोग गेला की नाही, हे रक्त तपासूनच ठरवावे. आणि तोवर, कोणी कितीही गोड बोलो, सुई घंगाळात टाकू नये.