लालासाहेबांची अर्थिंग

"आवं, म्हस पाण्याला तोंड लावंना!" साळूबाई गोठ्यातनं वरडली. "हौदाला करंट उतरतोय."

लालासाहेब फौजेतनं सुभेदार होऊन आलेला गडी. चेहऱ्यावरचा रुबाब आन पायातलं रबरी बूट कवा उतरायचं न्हाईत. त्यानं लोखंडी हौदावर थाप मारली. "कुटं हाय करंट? म्हशीला माज आलाय, दुसरं काय!"

दूध निम्म्यावर आलेलं. साळूबाईचं डोकं फिरलं, पर आवाज गोड केला. "आत्ताच सारवलंय. बूट काढून या, आन पाणी लय गार हाय का तेवढं बघा."

लालासाहेब अनवाणी आला. हौदाच्या काठाला उलटा हात लागला मात्र, "आगागागा!" करत गडी वैरणीच्या ढिगावर जाऊन बसला. म्हस रवंथ थांबवून बघाय लागली.

सून अंकिता धावली, आधी मेन स्विच पाडला. ती लोणंदला कारखान्यात इलेक्ट्रिशियन. "आत्या, असला खेळ परत नको! जीव जायचा!"

"पर मगाशी कसा लागला न्हाई?" लालासाहेबानं हात चोळत इचारलं.

"पायात रबर हुतं, करंटाला खाली जायला वाट न्हवती. म्हस ओल्यात उभी ऱ्हाती. हौदात पाणी सोडायच्या मोटरीतनं गळणारा करंट तिच्यातनंच जमिनीत जातोय. अर्थिंग धड असती तर तिकडनं गेला असता."

"अर्थिंगचा माणूसभर रॉड जमिनीत ठोकून घेतलाय मी!" लालासाहेब ढिगावरनंच गरजला.

रॉडाच्या टोकाला शेळी बांधलेली. अंकिता जवळ गेली तशी शेळी बुजली, तिनं हिसका दिला आन दाव्यासंगट रॉडच उपटून आला. वीतभर.

"बाकीचा कुटंय, मामा?"

"खाली खडक लागला... मग कापला. वरनं तसाच दिसत हुता की!"

साळूबाईनं तोंडात पदर कोंबला.

अंकितानं तुकडा परत रवला, मोटरीची वायर सोडवली, सगळ्यांना लांब उभं केलं आन लाइनीतनं रॉडाला बल्ब जोडून, घडीभर मेन चालू करून बघितला. बल्ब विडीच्या टोकागत मिणमिणला. "वाळला मुरूम करंटाला अडवतोय. ह्याला खोल, ओली माती पायजे."

मोरीचं पाणी केळीच्या बेटाला जायचं. तिथं नवा रॉड लावला. लालासाहेबानं घाव घातलं तसा तो वरच्या बोटभरापातूर आत गेला. आता बल्ब असा लखलखला, की शेळी दचकली. मग अंकितानं मोटरीची फुटकी केबल बदलली, वायरी जोडल्या, टेस्टर लावून हौद तपासला. म्हशीनं तोंड घातलं ते हौदाचं पाणी तळाला गेल्यावरच काढलं.

"आता केळीखालची जमीन कायम ओली ऱ्हायला पायजे," अंकिता म्हणाली.

पौषाची थंडी. चार दिस अंगाला पाणी न लावलेल्या नवऱ्याकडं साळूबाईनं निरखून बघितलं.

"म्हंजे मोरीत रोज आंगुळ व्हायलाच पायजे. व्हय गं?"

"दोन टायमाला झाली तर लय बरं, आत्या," अंकिता गंभीर तोंडानं म्हणाली.

सुभेदार गपगुमान टॉवेल घेऊन मोरीकडं निघाला.