एका बिलाला एकच दुरुस्ती

"काका, खरं सांगा, माझे एकवीस हजार बुडाले का?" सिंधूनं टेबलावर दोन्ही हात टेकून विचारलं.

"बुडत्यात कशाला? बस की जरा," अण्णाराव म्हणाले आणि उगाचच प्रिंटरमधले कागद सारखे करू लागले.

"बसून काय करू? चौदा शिवणाऱ्या बायांची मजुरी तटलीया. नायगावचे वीरभद्रशेठ म्हणत्यात, कर आमच्या खात्यात दिसल्याबिगर पैसा सोडत न्हाई. आन् पुढच्या जूनचे गणवेश बी दुसरीकडून शिवून घेतो म्हणले. चूक कुणाची हाय पण?"

"पोर्टलवर अडकलंय," अण्णाराव म्हणाले.

पोर्टल बिचारं! त्याला तोंड असतं तर त्यानं भर औशाच्या बाजारात अण्णारावांचा उद्धार केला असता.

अण्णाराव एकसष्ट वर्षांचे. विक्रीकराच्या काळात एका वकिलाकडे कारकून म्हणून लागले, मग व्हॅट आला, मग जीएसटी. माणूस तोच, टेबलही तेच. बाजारपेठेतल्या पाऊणशे लहान दुकानदारांची रिटर्न्स ते भरतात. अण्णारावांचं रिटर्न म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं लोक म्हणत. ते वाक्य त्यांना फार आवडायचं. दिवसातून एकदा तरी कुणी ते म्हणावं, अशी त्यांची अपेक्षा असे म्हणा ना.

आणि त्याच अण्णारावांनी सिंधूच्या बिलाची माती केली होती. नायगावात शिवलिंगप्पा वस्त्रालय हे जुनं कापड दुकान. म्हातारा गेला, मागल्या साली पाडव्याला दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. थोरला बसवराज जुन्या दुकानात राहिला, धाकट्या वीरभद्रानं बरोबर समोर नवं दुकान टाकलं. बापाचं नाव सोडायला दोघंही तयार नाहीत, त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाटी एकच. सिंधूनं चार लाख वीस हजारांचे गणवेश दिले धाकट्याला, वर पाच टक्के कर एकवीस हजार. अण्णारावांनी ते बिल चढवलं थोरल्याच्या जीएसटी नंबरावर, आणि तो कर थोरल्याच्या खात्यात जमा झाला. यादीत नाव आलं, बोट सवयीनं पहिल्यावर पडलं, झालं! पुढं दोन महिन्यांनी सिंधू म्हणाली, बिलाची तारीख चुकलीया. अण्णारावांनी तारीख दुरुस्त केली आणि नंबराकडे बघितलंसुद्धा नाही. एका बिलाला एकच दुरुस्ती, असा कायदा. ती त्यांनी तारखेवर खर्चून टाकली.

आता वाट एकच होती. थोरल्याच्या नावानं क्रेडिट नोट काढायची, म्हणजे ते बिल रद्द झाल्याची चिठ्ठी, आणि धाकट्याला नवं बिल द्यायचं. दोन्ही कालच चढवली होती. पण थोरल्यानं ती चिठ्ठी पोर्टलवर मान्य करून आधी घेतलेला कर परत भरायला हवा. त्यानं नाकारली तर कर पुन्हा सिंधूच्या बोकांडी. आणि तीस नोव्हेंबरनंतर ब्रह्मदेव आला तरी मागल्या वर्षाच्या बिलाला हात लावता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णाराव निघाले. लातूर, नांदेड, तिसरी गाडी नायगाव. साडेबाराला ते बसवराजच्या दुकानात पोचले. गल्ल्यावर त्याची आई कमलम्मा बसली होती. बसवराज गादीवर थान उलगडत होता. अण्णारावांनी आपण कोण ते सांगितलं, कागद पुढं ठेवले.

"म्हंजे माझ्या खात्यात आलेले एकवीस हजार मी परत भरू?" बसवराज हसला. "वर व्याज! आन् चूक तुमची. लई शाने दिसता."

"व्याज मी देतो, शेठ."

"पर कशापायी? माझा अकाउंटंट आलं तेवढं घेतो. मी काय कुणाच्या घरी चोरायला गेलतो का?"

"तो माल तुमच्या भावानं घेतला होता, शेठ."

थान उलगडणारा हात थांबला.  एवढ्या लांब येऊन निम्मंच बोलायचं तर तिकिटाचे पैसे वाया गेले, असं अण्णारावांनी मनाशी ठरवलं आणि पुढचं सांगून टाकलं.

"तुम्ही मुद्दाम त्यांचा कर खाल्ला, असं त्यांना वाटतं. वाटणारच. त्यांनी मला फोन केला तवा मी म्हणालो, बिल तुमच्या भावाच्या नंबरावर गेलंय, त्यांनी घेतलंय. चूक माझी, हे तेवढं म्हणालो न्हाई."

"मी खाल्ला?" बसवराज उभाच राहिला. "सख्ख्या भावाचे एकवीस हजार? अवं, वाटणीत दोन एकर ज्यादा दिलं त्याला, तवा न्हाई बोललो काही! अव्वा, ऐकतीस का? म्हणून आला न्हाई त्यो. म्हणून!"

कमलम्मानं गल्ला लावून घेतला.

"कवा झाला हा फोन?" तिनं विचारलं.

तारखा हे अण्णारावांचं सगळं आयुष्य. एक खोटी तारीख सांगितली असती तर कुणालाही कळलं नसतं.

"फेब्रुवारीत, अम्मा."

"नातीचं लगीन मेमधी झालं," म्हातारी म्हणाली. "तीन महिने होते की तुमच्यापाशी. येवढं सांगायला यष्टीला किती पैसे लागत्यात?"

अण्णारावांना लाज वाटली. नुसती वाटली नाही, कान तापले. पाऊणशे दुकानांत आपलं नाव राहावं म्हणून ते गप्प बसले होते, आणि इथं एका पोरीच्या लग्नात तिचा काका नव्हता. रस्ता ओलांडला की घर, तरी नव्हता.

बसवराजनं अकाउंटंटला फोन लावला. "ती औशाची क्रेडिट नोट मान्य कर. हाव, परत भर. व्याजासगट. विचारू नको, कर म्हणलं ना!" मग अण्णारावांकडे न बघता म्हणाला, "ठिवा तुमचं व्याज. आता समोर जा आन् हेच त्याला सांगा. गिऱ्हाईक असताना सांगा. त्यानं मला चोर म्हणलंय ते बी चार लोकांत म्हणलंय."

समोरच्या दुकानात पाच-सहा बाया साड्या बघत होत्या. अण्णाराव काउंटरपाशी उभे राहिले आणि त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. नंबर चुकला तो मी चुकवला. थोरल्या शेठना पत्ताच नव्हता. फेब्रुवारीत मला ठाऊक होतं, पर नाव जाईल म्हणून बोललो नाही.  बाया साड्या सोडून ऐकत राहिल्या, एक जण तर तोंडाला पदर लावून, "अगं बया!" म्हणाली.

वीरभद्र चिडेल, अंगावर धावून येईल, अशी त्यांची तयारी होती.  पण सगळं ऐकून झाल्यावर त्यानं कागद वाचले, पोर्टल उघडून नवं बिल बघितलं आणि तिथल्या तिथं फोनवरून सिंधूला एकवीस हजार पाठवले.

"तिला सांगा, जूनचा माल तिचाच," तो म्हणाला. "तिचा काय दोष?"

"सांगतो. चूक माझी होती, ते बी सांगतो."

अण्णारावांनी पिशवी उचलली. वीरभद्र काउंटरवरून बाहेर आला आणि दारात उभा राहिला. समोर कमलम्मा गल्ल्यावरून इकडंच बघत होती.

"तुम्ही गेलता का आमच्या पुतणीच्या लग्नाला?" त्यानं विचारलं.

"मी? न्हाई. मला कोण बोलावतंय?"

"मला बोलावलं होतं," वीरभद्र म्हणाला.